गाडी धावते तेवढ्यात पॉवर स्टेशन कसं भरून घ्यावं

सिगारेट लायटरच्या सॉकेटला पॉवर स्टेशन (घरची उपकरणं चालवणारा, सोबत नेता येणारा मोठ्या बॅटरीचा डबा) जोडून चार तास गाडी पळवली, तरी हजार वॅट-अवरच्या पॉवर स्टेशनच्या स्क्रीनवरचा आकडा जेमतेम पस्तीस-चाळीस टक्क्यांनी वर सरकतो. रात्री केटल आणि इंडक्शन एक-दोनदा चाललं की तो परत होता तिथे येतो. बॉनेटखालचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून गाडीसाठी वीज बनवणारं यंत्र) त्याच चार तासांत याच्या कितीतरी पट वीज देऊ शकला असता. ती आपल्यापर्यंत पोचत नाही, कारण सॉकेटपर्यंत येणारी वायर आणि तिचा फ्यूज मोबाइल चार्जर किंवा टायरचा पंप असल्या किरकोळ कामांसाठी बेतलेले असतात.

मोटरहोममध्ये (राहायची सोय असलेल्या गाडीत) पॉवर स्टेशन नुकतंच आणलंय, सोलर पॅनल आहे पण ढगाळ दिवसांत त्याचा भरवसा नाही, आणि प्रवासात गाडीवरच चार्जिंग व्हावं असं वाटतंय, अशांसाठी हे लिहितोय. गाडी १२ व्होल्टची आहे असं धरलंय. ट्रकच्या चॅसीवर बांधलेल्या मोठ्या मोटरहोमची यंत्रणा २४ व्होल्टची असू शकते. तिथे हिशोबाची रीत हीच, पण सामान २४ व्होल्टचं लागतं, म्हणून गाडीचं मॅन्युअल आधी बघून घ्या.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. नवखा माणूस दुकानात किंवा ऑनलाइन बघताना सगळ्यात मोठ्या वॅटच्या चार्जरकडे ओढला जातो. अल्टरनेटर गाडीसाठी बसवलेला आहे, आपल्यासाठी नाही. गाडीचं भागून जे उरतं तेवढंच आपलं. म्हणून खरेदी शेवटी, हिशोब आधी.

पायरी १ : रोज किती लागतं आणि रोज किती तास गाडी चालते

पॉवर स्टेशनच्या स्क्रीनवर किंवा अॅपमध्ये एका पूर्ण दिवसाचा वापर बघा. सकाळी किती टक्के होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी किती उरलं, मधल्या काळात काही चार्जिंग केलं नसेल तर हा फरक म्हणजेच तुमची गरज. समजा हजार वॅट-अवरच्या पॉवर स्टेशनमधून रोज ७०० वॅट-अवर जातात आणि तुम्ही साधारण दोन तास गाडी चालवता. म्हणजे गाडी चालते तोवर ३५० वॅट आत यायला हवेत. थोडी गळती धरून ४०० वॅट. इतकंच.

हा आकडा बहुतेकांना अपेक्षेपेक्षा लहान वाटतो. रोज सहा तास प्रवास करणाऱ्याला तर दीडशे वॅटही पुरतात. उलट ज्यांची गाडी एका जागी चार-चार दिवस उभी असते आणि मग अर्ध्या तासासाठी हलते, त्यांना ८०० वॅटचा चार्जरही फारसा वाचवणार नाही. त्यांनी जास्तीचं सोलर पॅनल घेतलेलं बरं.

पायरी २ : अल्टरनेटरकडे उरतं किती

अल्टरनेटरच्या अंगावर एक चिकटपट्टी किंवा कोरलेला आकडा असतो : १२० अँपिअर, १५० अँपिअर, १८० अँपिअर असा. हा आकडा इंजिन चांगल्या वेगात फिरत असतानाचा. इंजिन आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) असताना आणि बॉनेटखाली सगळं तापलेलं असताना त्यातले निम्मेच मिळतील असं धरून चालावं.

आता १५० अँपिअरचा अल्टरनेटर घेऊ. ट्रॅफिकमध्ये, तापलेल्या इंजिनावर, त्याचे उरले ७५. हेडलाइट, एसीचा पंखा, वायपर, इंजिनाची स्वतःची इलेक्ट्रॉनिक्स, फ्युएल पंप हे सगळं मिळून सहज ४० अँपिअर खातं. उरले ३५. चारशे वॅटचा चार्जर आपल्या १० टक्के गळतीसकट साधारण ३४ अँपिअर ओढतो. म्हणजे आपलं गणित ट्रॅफिकमध्येही बसलं. आठशे वॅटचा चार्जर याच गाडीवर लावला, तर हायवेवर तो कदाचित निभावेल, पण प्रत्येक सिग्नलला गाडीच्याच बॅटरीतून वीज उपसायला लागेल.

मोटरहोमवाल्यांनी इथे आणखी दोन गोष्टी मोजायच्या, ज्या साध्या कारमध्ये नसतात. पहिली म्हणजे घरासाठीची दुसरी बॅटरी. ती असेल तर तिला चार्ज करणारा रिले (आपोआप चालू-बंद होणारा खटका) किंवा बॅटरी-टू-बॅटरी चार्जर आधीच अल्टरनेटरवर बसलेला असतो, आणि तोही २५-३० अँपिअर घेत असतो. दुसरी, गॅसवर, घरगुती विजेवर आणि १२ व्होल्टवर अशा तीनही प्रकारे चालणारा फ्रिज. गाडी सुरू असताना तो १२ व्होल्टवर जातो आणि दहा-बारा अँपिअर गिळतो. हे दोन्ही असतील तर वरच्या ३५ अँपिअरमधले ३५च्या ३५ गेले. मग एक तर पॉवर स्टेशनचा चार्जर लहान घ्यायचा, नाही तर घरच्या बॅटरीचं चार्जिंग आणि पॉवर स्टेशनचं चार्जिंग एका वेळी एकच चालेल अशी सोय करायची. एक साधा खटका एवढ्यासाठी पुरतो.

अल्टरनेटर मोठा असला तरी सतत पूर्ण ताकदीने चालवू नये, याचं कारण उष्णता. गाडीच्या लेड-अॅसिड बॅटरीला सुरुवातीला भरपूर करंट लागतो आणि थोड्याच वेळात ती भूक कमी होते. पॉवर स्टेशनमधली लिथियम बॅटरी तशी नाही. ती जवळजवळ भरत आली तरी मागते तेवढंच मागत राहते. त्यामुळे अल्टरनेटरला दम खायला मिळत नाही. त्याच्या आकड्याच्या निम्म्यापेक्षा जास्त एकूण लोड सतत पडू नये, गाडीचं स्वतःचं धरून, हा चांगला अंदाज आहे. आपल्या उदाहरणात ४० अधिक ३४, म्हणजे ७४. १५० च्या निम्म्यात बसतं.

पायरी ३ : वाट निवडा

अल्टरनेटरपासून पॉवर स्टेशनपर्यंत वीज न्यायच्या व्यवहार्य वाटा तीन.

सॉकेट. काही बसवायचं नाही, वायर पॉवर स्टेशनबरोबरच येते. मिळतात साधारण १०० वॅट. सॉकेटचा फ्यूज १० ते २० अँपिअरचा असतो, पण तासन्तास तेवढा करंट नेण्याची त्या स्प्रिंगच्या टोकाची ताकद नसते. एक तासाने प्लग हातात धरून बघा. चटका बसला तर ते प्लास्टिक पुढेमागे वितळणार. आणि काही गाड्यांत हे सॉकेट चावी काढल्यावरही चालूच राहतं. पॉवर स्टेशन त्याला रात्रभर जोडून राहिलं तर सकाळी गाडी स्टार्ट होणार नाही. ज्यांचा रोजचा प्रवास लांबचा आणि वापर कमी, त्यांना हे पुरेल. पुढचं काही वाचायचीही गरज नाही.

इन्व्हर्टर. गाडीच्या बॅटरीवर इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी वीज घरच्यासारखी एसी करणारं यंत्र) लावायचा आणि पॉवर स्टेशनचा घरचा प्लग त्यात घालायचा. चालतं हे, आणि आधीच इन्व्हर्टर असेल तर मोह होणं साहजिक आहे. पण डीसीचं एसी आणि एसीचं परत डीसी करताना दोन्हीकडे मिळून वीस टक्क्यांपर्यंत वीज उष्णतेत जाते. शिवाय बरीच पॉवर स्टेशन्स एसीवर हजार वॅटच्या वर ओढतात. अॅपमधून चार्जिंगचा वेग कमी करता येत नसेल तर हा मार्ग सोडून द्या. इन्व्हर्टर घ्यायचाच तर प्युअर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखीच गुळगुळीत लहर देणारा), दुसरा नको.

डीसी-टू-डीसी चार्जर. गाडीच्या १२-१४ व्होल्टचे ४०-५० व्होल्ट करून पॉवर स्टेशनच्या सोलर किंवा डीसी इनपुटला देणारा डबा. आता पॉवर स्टेशन बनवणाऱ्या कंपन्याच खास अल्टरनेटर चार्जर म्हणून हे विकतात. मोटरहोमसाठी मी हाच रस्ता सुचवेन, आणि पुढचा सगळा लेख याच्याबद्दल आहे.

खास अल्टरनेटर चार्जर म्हणून विकला जाणारा डबा आणि सुटा बूस्ट कन्व्हर्टर (नुसतं व्होल्टेज चढवणारा डबा) यांत फरक आहे. सुट्या बूस्ट कन्व्हर्टरला करंटची मर्यादा ठरवण्याची सोय नसेल तर तो पॉवर स्टेशनच्या एमपीपीटीशी (सोलर इनपुट सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटशी) भांडतो. एमपीपीटी समोर सोलर पॅनल आहे असं समजून करंट वाढवत वाढवत जातो; पॅनलचं व्होल्टेज अशा वेळी हळूहळू उतरतं, कन्व्हर्टर मात्र एकदम मान टाकतो, बंद पडतो, परत सुरू होतो. स्क्रीनवर आकडा शून्य, तीनशे, शून्य, तीनशे असा नाचतो. सुटा कन्व्हर्टर घेणार असाल तर ठरावीक करंटच्या पुढे न जाणारा घ्या आणि इंजिन बंद झाल्यावर तो आपोआप कसा थांबेल ते आधी ठरवा. नवख्याने तयार चार्जर घेतलेला उत्तम.

पायरी ४ : पॉवर स्टेशनच्या इनपुटवर काय लिहिलंय ते नीट वाचा

पॉवर स्टेशनच्या मागे किंवा बाजूला बारीक अक्षरांत इनपुटची मर्यादा छापलेली असते, उदाहरणार्थ ११ ते ६० व्होल्ट, १० अँपिअर, जास्तीत जास्त ४०० वॅट. या तिन्ही आकड्यांना अर्थ आहे. व्होल्टची वरची मर्यादा ओलांडली तर इनपुट जळू शकतं, आणि तिथे कुठलीही वॉरंटी कामाला येत नाही. अँपिअरची मर्यादा ओलांडायचा प्रश्न सहसा येत नाही, पॉवर स्टेशन स्वतःच तेवढ्यावर थांबतं. पण तीच मर्यादा तुम्हाला किती वॅट मिळणार ते ठरवते. दहा अँपिअरच्या इनपुटला १३ व्होल्ट दिले तर १३० वॅट, ४० व्होल्ट दिले तर ४०० वॅट. चार्जर व्होल्टेज चढवून का देतो, ते इथे कळतं.

आणखी एक बारीक गोष्ट. १२ किंवा २४ व्होल्टच्या आसपासचं काही आलं की बरीच पॉवर स्टेशन्स 'हे गाडीचं सॉकेट आहे' असं ओळखून स्वतःला आठ-दहा अँपिअरवर बांधून घेतात. काहींच्या मेनूत कार आणि सोलर असा पर्याय असतो. चार्जर चांगला, वायर जाड, तरी शंभर वॅटच्या पुढे आकडा जात नाही, अशा तक्रारीत पहिला संशय इथे घ्यावा.

सोलर पॅनल आणि अल्टरनेटर चार्जर एकाच इनपुटला दोन तोंडांच्या (Y आकाराच्या) वायरीने एकत्र जोडू नका. पॉवर स्टेशनला दोन स्वतंत्र डीसी इनपुट असतील तर एकेकाला एकेक द्या. एकच असेल तर प्लग बदलायचा कंटाळा न केलेला बरा.

पायरी ५ : चार्जर कुठे बसवायचा आणि वायर किती जाड

इथे थोडं रेंगाळू, कारण बहुतेक फसगती इथेच होतात.

बॅटरी पुढे आणि पॉवर स्टेशन मागे पलंगाखाली, मध्ये सहा मीटर वायर, असं धरू. चार्जर पॉवर स्टेशनजवळ ठेवला तर त्या सहा मीटरमधून ३४ अँपिअर जाणार, आणि परतीची निगेटिव्ह वायर धरून लांबी बारा मीटर. तांब्याच्या ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत तेवढ्यात साधारण १.२ व्होल्ट पडतात. १० च्या वायरीत ०.७, १६ च्या वायरीत ०.४५, आणि २५ च्या वायरीत ०.३. बारा-तेरा व्होल्टमधून सव्वा व्होल्ट वाटेत सांडला तर चार्जरला वाटतं इंजिन बंद आहे, आणि तो थांबतो. अर्ध्या व्होल्टच्या आत राहायचं असेल तर १६ चौरस मिलिमीटर घ्यावी लागते.

आता हाच चार्जर बॅटरीजवळ, पण इंजिनच्या कप्प्यात नव्हे तर केबिनच्या आत, ड्रायव्हरच्या सीटखाली बसवला तर? जाड वायर दीड-दोन मीटरच लागते. पुढे ४८ व्होल्टवर चारशे वॅट म्हणजे जेमतेम साडेआठ अँपिअर, आणि त्यासाठी ४ चौरस मिलिमीटरची वायर लांबवर नेली तरी नुकसान एक टक्क्याच्या आत. वायर स्वस्त, वाकवायला सोपी, पॅनलमागून सरकवायला सोपी. काही व्हॅनमध्ये तर स्टार्टर बॅटरीच सीटखाली किंवा पायाखाली असते. तिथे हे काम फारच सुटसुटीत होतं. उत्पादकाने चार्जरबरोबर दिलेली वायर कुठल्या बाजूची, किती लांबीची आहे, ते बघूनच जागा ठरवा. चार्जरचा पंखा आणि त्याच्या पत्र्याचे पंख मोकळे राहिले पाहिजेत; सीटखाली चादरी कोंबायची सवय असेल तर ती मोडावी लागेल.

वायर तांब्याचीच, बारीक तारांची, लवचीक. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर त्याच जाडीला कमी करंट नेते. सोललेलं टोक पात्याने खरवडलं की आतला पांढरा रंग दिसतो.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून जमेल तितका जवळ, वीतभर अंतराच्या आत. फ्यूज चार्जरला वाचवण्यासाठी नसून वायरीला वाचवण्यासाठी असतो. गाडीच्या हादऱ्याने वायरीचं इन्सुलेशन घासून पत्र्याला लागलं, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्याला कुणीच वाली नसतो, म्हणून तो तुकडा लहानात लहान. आपल्या ३४ अँपिअरला ५० चा फ्यूज ठीक. वायर ५० अँपिअर निश्चिंत नेईल एवढी हवी. पुढे कधी फ्यूज उडाला आणि ६० चा टाकून बघावासा वाटला, तर टाकू नका; का उडाला ते शोधा.

पायरी ६ : जोडणी

सामान पुढ्यात घेऊन बसा : चार्जर, दोन रंगांची वायर, बोल्टने बसणारा फ्यूज आणि त्याचा होल्डर, तांब्याचे लग (वायरीच्या टोकाला बसणारी, बोल्टखाली आवळायची कडी), लग दाबून बसवायचं क्रिम्पिंग टूल, हीट श्रिंक स्लीव्ह, रबरी ग्रोमेट (छिद्राच्या कडेला बसणारं कडं), वायर झाकायला फ्लेक्सिबल पाइप, मल्टिमीटर. वायरीभोवती धरून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर फारच छान.

इंजिन बंद, चावी बाहेर, आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक आधी सोडवा. निगेटिव्ह आधी काढायचं आणि शेवटी लावायचं. पॉझिटिव्ह सोडताना पाना चुकून पत्र्याला टेकला तरी मग ठिणगी पडत नाही. अंगठी, धातूचं कडं, घड्याळ काढून ठेवा. काही गाड्यांत बॅटरी सोडल्यावर खिडक्या किंवा रेडिओ नव्याने सेट करावा लागतो, त्यासाठी मॅन्युअल हाताशी असू द्या.

वायर टाकताना इंजिनच्या कप्प्यातून केबिनमध्ये यायला गाडीत आधीच रबरी बूच असलेलं छिद्र असतं, ते शोधा. नवं छिद्र पाडावंच लागलं तर त्याच्या कडेला ग्रोमेट हवाच. उघड्या पत्र्याची कड वर्षभराच्या हादऱ्यात कुठलंही इन्सुलेशन कापते. एक्झॉस्टपासून, स्टिअरिंगच्या हलत्या भागांपासून आणि एअरबॅगच्या वायरिंगपासून लांब राहा. एअरबॅगच्या वायरिंगवर बऱ्याच गाड्यांत पिवळं वेष्टन असतं.

लगचं काम घाईने करू नका. टोक सोलायचं ते लगच्या नळीत जाईल तेवढंच, आणि सोलताना एकही तार कापली जाऊ द्यायची नाही. सगळ्या तारा नळीत गेल्या पाहिजेत. दोन-चार बाहेर राहिल्या म्हणून त्या छाटून टाकणं म्हणजे लगचा आकडा चुकलेला आहे. मग योग्य मापाच्या खाचेत टूलने पूर्ण दाबा. दाबून झाल्यावर लग एका हातात, वायर दुसऱ्या हातात धरून जोरात ओढा. अगदी जोरात. सुटला तर आत्ताच सुटू दे. पकडीने किंवा हातोडीने चेपलेला लग दिसायला चपटा आणि घट्ट दिसतो, पण आत तारांमध्ये पोकळी राहते, तिथे गरम होतं, गरम झालं की सैल होतं आणि सैल झालं की आणखी गरम. वरून स्लीव्ह चढवून गरम हवेने आवळली की काम झालं.

पॉझिटिव्ह वायर : बॅटरी, फ्यूज, चार्जर. फ्यूज होल्डर बसवा, पण फ्यूज अजून आत टाकू नका.

निगेटिव्ह वायरीत नव्या गाड्यांचा एक खोडा आहे. निगेटिव्ह टोकावर अंगठ्याएवढा सेन्सर बसवलेला दिसेल, त्यातून एक बारीक वायर निघते. बॅटरीत किती आलं आणि किती गेलं याची नोंद तो ठेवतो. आपली वायर थेट बॅटरीच्या टोकाला लावली तर आपण नेलेली वीज त्या सेन्सरला दिसतच नाही, आणि गाडीचा संगणक बॅटरीबद्दल चुकीचे अंदाज बांधत बसतो. म्हणून निगेटिव्ह सेन्सरच्या पलीकडच्या बाजूला, चॅसीच्या अर्थिंगच्या बोल्टवर लावा. तिथला रंग खरवडून उघडा पत्रा दिसू दे, लग घट्ट आवळा, आणि गंज येऊ नये म्हणून वर थोडं ग्रीस.

तिसरी बारीक वायर इग्निशनची. चार्जरला इंजिन चालू आहे हे कळण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे व्होल्टेजवरून : इंजिन चालू असलं की १३.२-१३.३ च्या वर, बंद झालं की १२.८ च्या खाली. जुन्या गाडीत हे नीट चालतं. स्मार्ट अल्टरनेटरच्या गाडीत मात्र घोळ होतो. इंधन वाचावं म्हणून अशी गाडी सरळ रस्त्यावर अल्टरनेटरचं व्होल्टेज साडेबारापर्यंतही उतरवते आणि ब्रेक लावताना किंवा उतारावर ते १५ च्या जवळ नेते. हायवेवर ताशी ऐंशीने जाताना मल्टिमीटर १२.५ दाखवतो, आणि चार्जर बिचारा गाडी उभी आहे समजून झोपतो. अशा गाडीला चार्जरची इग्निशनची वायर अशा ठिकाणी जोडा जिथे इंजिन सुरू असतानाच वीज येते; मोटरहोममध्ये यासाठी बऱ्याचदा डी-प्लसचा (इंजिन चालू असल्याची खूण देणारा) सिग्नल आधीच काढून ठेवलेला असतो. चार्जर घेतानाच तो ही वायर घेतो की नाही ते बघा.

सगळं जागेवर बसलं, रंग दोनदा तपासले, की फ्यूज टाका आणि शेवटी निगेटिव्ह लावा.

पायरी ७ : भरवसा ठेवण्याआधी तपासा

इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.४ ते १२.८ व्होल्ट असायला हवेत. इंजिन सुरू करा. चार्जर अजून बंद. आकडा टिपा. मग चार्जर सुरू करून चारशे वॅट येऊ द्या आणि दोन ठिकाणी मोजा : बॅटरीच्या टोकांवर आणि चार्जरच्या इनपुटवर. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे वायरीत सांडलेलं व्होल्टेज. हिशोबापेक्षा दुप्पट आलं तर एखादा लग किंवा अर्थिंगचा जोड कच्चा आहे. कुठला, ते शोधायला मल्टिमीटरची एक काडी लगवर आणि दुसरी त्याच बोल्टवर ठेवा. चांगल्या जोडात आकडा जवळपास शून्य दिसतो.

अर्धा तास तसंच चालू द्या. मग फ्यूज होल्डर, लग, प्लग सगळ्यांना बोट लावा. कोमट चालेल. बोट ठेवता येत नसेल तर चार्जर बंद करून तो जोड परत करा.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी : इंजिन बंद करा आणि पॉवर स्टेशनच्या स्क्रीनकडे बघत उभे राहा. एक-दोन मिनिटांत इनपुट शून्यावर आलं पाहिजे. आलं नाही तर चार्जर स्टार्टर बॅटरी खातोय. इग्निशनची वायर चुकीच्या ठिकाणी लागली आहे किंवा व्होल्टेजची मर्यादा खाली सेट झाली आहे. हे ठीक झाल्याशिवाय गाडी रात्रभर उभी करू नका.

रोजच्या वापरात

पॉवर स्टेशन बांधून ठेवा. दहा-पंधरा किलोचा डबा जोराच्या ब्रेकला थेट पुढे येतो. पट्टे जमिनीच्या किंवा फर्निचरच्या मजबूत कड्यांना हवेत, वेल्क्रोने भागत नाही. हवा यायच्या-जायच्या जाळ्या मोकळ्या.

थंडीत शून्य अंशाच्या खाली लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी चार्ज करता येत नाही. पॉवर स्टेशन स्वतःच चार्जिंग अडवतं, त्यामुळे बिघाड झाला असं समजू नका. केबिन तापली की सुरू होतं. उन्हात बंद गाडीत उलटं होतं, बॅटरी फार तापली की आकडा उतरतो किंवा थांबतो.

गाडी उभी करून, केवळ पॉवर स्टेशन भरावं म्हणून इंजिन चालू ठेवणं हा मात्र तोट्याचा धंदा. आयडलिंगला अल्टरनेटरकडे वीज कमी, त्याला थंड करणारी हवा कमी, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड उघड्या खिडकीतून आत येण्याची भीती वेगळी. धावत्या गाडीतही ही वीज फुकट नसते : इंजिन आणि अल्टरनेटर दोघांची गळती धरली तर एका युनिटला डिझेलचा खर्च अर्ध्या लिटरच्या आसपास जातो. कॅम्पिंगच्या जागेवर प्लग मिळत असेल तर तोच वापरा.

आकडा रुसला तर

स्क्रीनवर शून्य वॅट असेल तर आधी फ्यूज बघा, मग इग्निशनच्या वायरीत इंजिन सुरू असताना व्होल्टेज येतंय का ते, मग पॉवर स्टेशनकडचा प्लग पूर्ण आत गेलाय का ते. याच क्रमाने, कारण शोधायला सोपं ते आधी.

दर मिनिटाला चालू-बंद होत असेल तर वायरीतलं व्होल्टेज मोजा. लोड पडला की व्होल्टेज मर्यादेखाली जातं, चार्जर थांबतो, व्होल्टेज वर येतं, तो परत सुरू होतो. जाड वायर हा कायमचा इलाज. अॅपमधून वॅट कमी केले तर तात्पुरतं भागतं.

गावात, ट्रॅफिकमध्ये हेडलाइट मंद होत असतील किंवा बॅटरीचा लाल दिवा लुकलुकत असेल तर वॅट लगेच कमी करा. पायरी २ चं गणित चुकलेलं आहे. बरेच चार्जर अॅपमधून शंभर वॅटच्या टप्प्याने खाली आणता येतात. शहरात दोनशे, हायवेवर चारशे, असं करायला काहीच हरकत नाही.

इंजिन सुरू असताना स्टार्टर बॅटरीचं टोक कधीही काढू नका, कितीही छोटी तपासणी असो. बॅटरी मध्ये नसली तर अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभरात कित्येक पट उसळतं, आणि चार्जरबरोबर गाडीचा संगणकही जाऊ शकतो.

पहिल्या लांबच्या प्रवासानंतर आणि मग दर सहा महिन्यांनी बोल्ट पुन्हा एकदा आवळून बघा. फ्यूज होल्डरच्या प्लास्टिकचा रंग पिवळट किंवा तपकिरी झालाय का, तेही त्याच वेळी. झाला असेल तर होल्डर बदला, आणि त्याच्या दोन्ही बाजूचे लगही नवे करा.